सण की फण?





दर अंकात या पानावर निकाल, स्पर्धा आणि शाळेच्या गरजा यांविषयी लिहिण्याची आमची पद्धत आहे. या वेळी मात्र आमच्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. मुलांची चूक दिसली की आपण लगेच लाल शाई उचलतो. आपली चूक निघाली तर तीही तितक्याच ठळक लिहावी, म्हणून हा लेख.

आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांचे श्रुतलेखन म्हणजे शाळेची शान. एकेक शब्द त्या असा उच्चारीत की ऱ्हस्व-दीर्घसुद्धा कानाला कळावे. आपल्या भागात मराठीची जागा रिकामी झाली की ती भरायला किती वेळ लागतो, हे पालकांना सांगायला नको. म्हणून निवृत्तीपूर्वी आम्ही बाईंना विनंती केली आणि त्यांनी घरी पंखा बंद करून, खिडक्या लावून, चाळीस श्रुतलेखने संगणकावर ध्वनिमुद्रित करून दिली. प्रत्येकात वीस शब्द. आज आमच्या मुलांच्या कानावर पडणारी चांगली मराठी बरीचशी त्या चाळीस श्रुतलेखनांमधूनच पडते.

पुढे हैदराबादला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला बारा बिनतारी हेडफोन भेट दिले. तोंडापाशी बारीक माइक असलेले. तारांची गुंतागुंत नाही, ओढाताण नाही, म्हणून आम्ही खूश झालो. संगणक कक्षात असा पाठ ठरवला की, मुलाने बाईंचा शब्द ऐकायचा, तो माइकमध्ये म्हणून दाखवायचा आणि मग वहीत लिहायचा. म्हणजे ऐकणे, बोलणे, लिहिणे तिन्ही एकाच तासात. मुलांनी म्हटलेले शब्दही संगणकात साठवले जात. कागदावर हे सगळे फार सुंदर दिसत होते.

महिन्याभराने वह्या तपासायला आल्या आणि आम्हाला धक्का बसला. सहावीतल्या एका मुलीच्या वहीत वीसपैकी नऊ शब्द चुकलेले. 'शेत'चे 'सेत', 'शाळा'चे 'साळा', 'शाल'चे 'साल'. आणखी खाली 'सण'चे 'फण', 'सोडा'चे 'फोडा', 'सार'चे 'फार'. ही मुलगी पाचवीपर्यंत गावातल्या शाळेत शिकलेली. घरी शेती. आम्ही वरचे तीन शब्द पाहिले आणि निकाल देऊन मोकळे झालो: घरची बोली अशुद्ध आहे, तिचाच हा परिणाम. खालच्या तीन शब्दांकडे आम्ही पाहिलेच नाही. खात्री करावी म्हणून तिचा संगणकात साठवलेला आवाज ऐकला, तर तीही चक्क 'फण' म्हणताना ऐकू आली. मग तर शंकाच उरली नाही.

आमच्या या घाईमागे एक जुनी धास्ती आहे, तीही सांगितली पाहिजे. मुधोळ १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण आदिलाबाद जिल्ह्यात, आंध्र प्रदेशात आलो. २०१४ मध्ये तेलंगणा झाले आणि २०१६ पासून आपला जिल्हा निर्मल आहे. आपण कुठे गेलो नाही, हद्दच आपल्या पलीकडे गेली. तेव्हापासून इथल्या मराठी माणसाला एकच चिंता असते की, घरातली भाषा टिकेल ना? ही चिंता चांगलीच आहे. पण चिंतेतून कधी कधी संशय जन्माला येतो, आणि तो नेहमी घरच्याच माणसावर येतो.

आम्ही मुलीच्या घरी निरोप पाठवला. कापूस वेचणीचे दिवस. आई-वडील शेतात, म्हणून आजी आल्या. आम्ही त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग वही पुढे करून म्हणालो, "आजी, तुम्ही घरी पोरीशी जरा शुद्ध बोलत जा. तुमच्या बोलीमुळे तिचे शब्द बिघडताहेत."

आजींना वाचता येत नाही. त्यांनी आम्हाला एकेक शब्द वाचून दाखवायला सांगितला. आम्ही वाचत गेलो. त्या ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "सर, शेताला आमी सेतच म्हणताव, ते खरंय. साळा बी म्हणताव. पर सणाला फण कोण म्हणायलंय आमच्यात? इतकी येडी हाय का पोरगी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. मराठीच्या कुठल्याही बोलीत पोळ्याच्या सणाला कोणी पोळ्याचा फण म्हणत नाही. ही साधी गोष्ट आमच्या पदवीला सुचली नाही, ती आजींना सुचली.

त्या गेल्यावर आम्ही संगणक कक्षात गेलो आणि आयुष्यात प्रथमच तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. बाईंचा आवाज आला. शब्द तिसरा: 'फोडा'. पुन्हा ऐकला, 'फोडा'. मग हेडफोन काढून तेच ध्वनिमुद्रण संगणकाच्या स्वतःच्या स्पीकरवर लावले. स्वच्छ, ठणठणीत 'सोडा'. बाई बरोबर होत्या, मुलीचे कान बरोबर होते. मधल्या वाटेवर कुठेतरी 'स' हरवत होता.

बासरच्या ट्रिपल आयटीत शिकणारा आमचा एक विद्यार्थी सुट्टीला घरी आला होता. त्याला बोलावले. त्याने संगणकातली आवाजाच्या साधनांची यादी उघडून दाखवली. एकच हेडफोन यादीत दोन नावांनी हजर होता. एका नावापुढे 'स्टिरिओ', दुसऱ्यापुढे 'हँड्सफ्री'. तो म्हणाला, "सर, माइक सुरू झाला की हेडफोन गाणे ऐकायच्या पद्धतीतून फोनवर बोलायच्या पद्धतीत जातो. तुमचा पाठ सगळा फोनच्या पद्धतीत चालला आहे."

त्याने जे समजावले ते आम्हाला जसे कळले तसे इथे मांडतो. पुष्कळ घरांत आता असे हेडफोन आहेत, तेव्हा पालकांनाही उपयोग होईल.

आवाज म्हणजे हवेतली कंपने. तरुण, निरोगी कानाला सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. माणसाच्या बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे बहुतांशी खालच्या भागात असतात. व्यंजनांतले सीत्कार मात्र वर असतात. 'श'चा सीत्कार दोन-अडीच हजारांच्या आसपास सुरू होतो. 'स'चा बराचसा जोर चार हजारांच्या वर असतो. आणि ओठाला दात लावून म्हटलेल्या 'फ'चा सीत्कार मुळातच अशक्त, पसरट असतो. आता चार हजारांच्या वरचा भाग कापून टाकला तर काय होईल? 'स'ची धार जाईल, उरेल ती अशक्त फुंकर, आणि कानाला ती 'फ'सारखी लागेल. 'श' आणि 'स' यांतला फरकही पुसट होईल. मग मूल अंदाजाने लिहील, आणि अंदाज करताना आपल्या घरचा शब्द आधी आठवेल.

नेमके हेच झाले होते. संगणकात आवाज साठवताना सेकंदाला किती वेळा नोंद घ्यायची ते ठरलेले असते, आणि जितक्या नोंदी असतात त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने त्यात टिकतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, म्हणून ऐकू येणारे जवळजवळ सगळे त्यात मावते. सीडीवरच्या आवाजाची माहिती सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होते. ब्लूटूथची वाट एवढी रुंद नसते. ती हा आवाज दाबून, घडी घालून नेते. गाणे ऐकायच्या पद्धतीत नेहमीच्या घडीत चांगल्या दर्जाला सुमारे ३२८ किलोबिट जातात, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी. एवढ्याने सामान्य कानाला फारसा फरक जाणवत नाही. पण बोलायच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला फक्त ८,००० नोंदी आणि ६४ किलोबिट. म्हणजे चार हजारांच्या वरचे सगळे गेले. नव्या साधनांत १६,००० नोंदी होतात, त्याने पुष्कळ सुधारते, पण दोन्ही बाजूंच्या यंत्रांना ती पद्धत यावी लागते. आमच्या हेडफोनना येत नव्हती.

मुलीचा साठवलेला आवाज ऐकून आम्ही तिला दोषी ठरवले होते, तोही त्याच अरुंद वाटेने परत आलेला होता. ती 'सण' म्हणाली तरी संगणकात 'फण'च पोहोचणार. ज्याने बिघाड केला, त्याचीच साक्ष आम्ही पुरावा म्हणून घेतली.

इथे कोणी विचारेल की, एवढा बिघाड होता तर महिनाभर कोणाच्या लक्षात कसा आला नाही? त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. आवाज दोन तऱ्हांनी बिघडतो, तुटतो किंवा बोथट होतो. आमच्या प्रार्थनेच्या वेळी बिनतारी स्पीकरवर गीत लावले की मध्येच तुटत असे. मुले रांगेत उभी राहिली की हमखास. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. वायफायही बहुधा तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथ ७९ वाटांवरून सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत जातो. तरी आपल्या शरीरात पाणी फार, आणि पाणी या लहरी शोषून घेते. संगणक आणि स्पीकर यांच्यामध्ये दीडशे मुले उभी राहिली की लहरी अडणारच. आम्ही स्पीकर उंचावर, संगणकाच्या समोर ठेवला आणि तो त्रास संपला. तुटलेला आवाज सर्वांना कळतो, म्हणून त्याची दुरुस्तीही होते. बोथट आवाज चालूच राहतो. त्याचा दोष यंत्राला लागत नाही, तो ऐकणाऱ्याच्या कानाला लागतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आमच्या लहानपणी रेडिओवर परभणी केंद्र लावले जाई. मिडियम वेव्हवर आपल्या देशात दोन वाटांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते, त्यामुळे त्या सेटमधून निघणारा आवाजही चार-साडेचार हजारांच्या पुढे फारसा जात नसे. तरी बातम्या, कीर्तन, शेतीचे कार्यक्रम सगळे कळत होते. कारण तिथे पूर्ण वाक्य असे. 'दिवाळीचा सण' म्हटल्यावर स हरवला तरी आपले मन तो भरून काढते. फोनवरही तसेच. तिथेही नाव-गाव सांगायची वेळ आली की मोठी माणसेसुद्धा "स सशाचा, फ फणसाचा" म्हणू लागतात. एकटा शब्द आला की मनाला आधार राहत नाही.

श्रुतलेखनात शब्द एकटाच असतो. आणि मन कशाने भरून काढणार? ज्याच्याजवळ शब्दांचा साठा मोठा, त्याचे भागते. घरात पुस्तके असलेल्या मुलांच्या चुका कमी होत्या, कारण त्यांनी न ऐकलेले अक्षर ओळखून लिहिले. ज्या मुलांना मराठी वाचायला घरी काही नाही, त्यांनी कानावर पडले तेच प्रामाणिकपणे लिहिले, आणि त्यांनाच गुण कमी मिळाले. खराब आवाजाची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्याला चांगल्या आवाजाची गरज जास्त, त्यालाच ती जास्त लागते. आम्हाला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचले ते हे.

आता थोडे आमच्या कानाविषयी. आमची पदवी हैदराबादला हिंदी माध्यमातून झाली. मराठीत च आणि ज दोन तऱ्हांचे आहेत, लिहायला एकच. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा', यांतले ज वेगळे. हिंदीत दंत्य च नाही, त्यामुळे आम्ही आजही कधी कधी 'चमचा' हिंदी वळणाने म्हणतो आणि मुले तोंडावर हात ठेवून हसतात. आम्हाला वाटत असे की तेलुगूच्या सहवासाने मुलांचे उच्चार बिघडतात. पण तेलुगूत तर हा दंत्य च आहे! थंडीला तेलुगूत 'चली' म्हणतात, त्यातला च आपल्या चमच्यातलाच. तेलुगू लिपीत पूर्वी या च-ज साठी वेगळी अक्षरेसुद्धा होती. ळ तर तेलुगूत आहेच. म्हणजे शेजारच्या भाषेने मुलांचे काही बिघडवलेले नाही. कच्चा कान असेल तर तो मुख्याध्यापकांचा.

दुरुस्ती सोपी निघाली. आम्ही हेडफोनचे माइक बंद केले आणि यादीतले 'स्टिरिओ' नाव निवडले. बोलण्यासाठी टेबलावर ठेवायचे तारेचे साधे माइक आणले. मग त्याच मुलीला तेच श्रुतलेखन पुन्हा दिले. नऊ चुकांपैकी सात गेल्या. राहिल्या दोन: 'सेत' आणि 'साळा'. आजींनी ज्या दोन कबूल केल्या होत्या, नेमक्या त्याच.

पालकांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. २०२० च्या टाळेबंदीपासून घरोघरी मुले कानाला काहीतरी लावून शिकत आहेत, म्हणून.

पहिली, मुलाचा हेडफोन धडा सुरू असतानाच दोन मिनिटे स्वतःच्या कानाला लावा. सण-फण, साल-शाल, सोडा-फोडा असे शब्द ओळखू येतात का ते पाहा. बाहेर काढून गाणे लावून पाहिले तर दोष सापडणार नाही, कारण गाण्याच्या वेळी तो पद्धत बदलतो.

दुसरी, आवाज एकदम फोनसारखा झाला तर माइक वापरणारा एखादा कार्यक्रम सुरू असेल. तो बंद करा. बोलणे आवश्यकच असेल तर ऐकायला हेडफोन आणि बोलायला संगणकाचा स्वतःचा माइक निवडा. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, पण संगणक आणि हेडफोन दोघांनाही ती यावी लागते. घेताना विचारून घ्या.

तिसरी, आवाज तुटत असेल तर संगणक जवळ आणा, मध्ये भिंत किंवा माणसे नकोत, आणि घरचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर ते वापरा.

चौथी, श्रुतलेखन, कविता, उच्चार यांसाठी तारेचा हेडफोन सर्वांत बरा. त्यात पद्धत बदलण्याची भानगडच नाही.

मधल्या सुट्टीनंतरच्या एका तासाला आम्ही मुलांना जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी जाऊन गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा ठेवा. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाने तो संगणकावर खुला करायला सुरुवात केली. त्या दिवशी आजींनाही बोलावले होते. पदरावरूनच हेडफोन लावून त्या ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "शेजारीच बसून म्हणायलीय की ही बाई!" मुलांनी त्यांना विचारले, तुम्हाला येतात का? त्यांनी तीन म्हणून दाखवल्या. त्या आम्ही तारेच्या माइकवर उतरवून घेतल्या आहेत, बाईंच्या श्रुतलेखनांशेजारीच ठेवल्या आहेत. ज्या पालकांच्या घरी अशा गाणाऱ्या आजी, आत्या, मावशी असतील त्यांनी जरूर कळवावे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही ही सगळी हकिगत सांगितली आणि त्या मुलीची सर्वांसमोर माफी मागितली. तिच्या वहीतल्या सात लाल खुणा आम्ही स्वतः खोडल्या आणि शेजारी सही केली. दोन तशाच ठेवल्या आहेत. त्या दोन शिकवायचे काम आमचे आहे, आणि ते घरच्या बोलीला नावे न ठेवता करायचे आहे.

आपले नम्र,
मुख्याध्यापक